समोरची कड

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "बँकेतल्या नोकरीच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी चौतीस वर्षं बँकेत होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त चिल्लर खिडकीवर काढली. गमती घडल्या नाहीत असं नाही, एखादी सांगेनही. पण मला जे लिहायचं आहे ते हलकं नाही आणि फुलकं तर मुळीच नाही. राग आला की माझं अक्षर मोठं होतं. आज पहिल्या पानावर जेमतेम आठ ओळी मावल्या आहेत, त्यावरून काय ते समजा.

चिल्लर खिडकी म्हणजे काय, हे आता मोबाइल दाखवून भाजी घेणाऱ्यांना समजावून सांगावं लागेल. सेलूच्या आमच्या शाखेत टांकसाळीची नाणी थेट यायची, जाड कापडाच्या शिवलेल्या थैल्यांतून. एक थैली उचलायला दोन शिपाई लागत आणि दोघेही दिवसभर कंबर धरून हिंडत. थैली फोडायची, नाणी लाकडी तबकात ओतायची, खाचेच्या पट्टीत पन्नास-पन्नासची चळत लावायची आणि तपकिरी कागदात गुंडाळून पुंगळी करायची. दुकानदार, हॉटेलवाले, जिनिंगचे मुकादम बाजाराच्या दिवशी या पुंगळ्या घेऊन जात. प्रत्येक पुंगळीवर निळ्या पेन्सिलीनं करणाऱ्याची सही असायची. माझी सही म्हणजे नुसतं 'सु.'. त्या सहीचा अर्थ असा की यातली नाणी मी मोजली, बघितली आणि ती चांगली आहेत. ही निळी 'सु.' पुढे लागणार आहे.

शाखेत मी एकटीच बाई. मी रुजू झाले त्याच दिवशी वाटणी होऊन गेली, नोटा पुरुषांना आणि चिल्लर बाईला. कारण विचारलं तर म्हणाले, "घरी सवय असते ना तुम्हाला निवडण्याटिपण्याची." तेव्हा मी हसले होते. आता आठवलं की त्या हसण्याचाही राग येतो.

शिकवलं मात्र मला गफूरचाचांनी. हे शाखेतले दफ्तरी, निवृत्तीला चारेक वर्षं राहिलेली. मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी निजामाच्या खजिन्यात एका पारख्याच्या हाताखाली उमेदवारी केली होती. निजामाचा हाली सिक्का, इंग्रजांचा कलदार रुपया, सगळं त्यांना बोटांनी कळायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर आठ आण्याचं एक नाणं ठेवलं आणि विचारलं, "बेटी, ह्याला काय झालंय?"

मी म्हटलं, "काही नाही. चांगलं आहे."

"वरखाली चिमटीत धर. आता गर्रकन फिरव."

फिरवलं. पुढची बाजू सरळ होती आणि मागची आडवी पडलेली. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. टांकसाळीत वरचा आणि खालचा असे दोन ठसे असतात, त्यातला एक ढिला होऊन फिरला की नाणं असं निघतं. चाचा म्हणाले, "तू एकच बाजू बघितली. लय लोक एकच बाजू बघतात." आणि ते नाणं मला दिवसभर हातात धरायला लावलं.

तेव्हापासून मला नाद लागला. थैलीतून ओतलेल्या हजारो नाण्यांत दिवसाला एखादं तरी बिघडलेलं सापडायचं. कुणाचा ठसा एका बाजूला सरकलेला, सिंह अर्धा बाहेर. कुणावर ठसाच नाही, नुसती कोरी चकती. नियमाप्रमाणे ही नाणी वेगळ्या लखोट्यात घालून, नोंद करून टांकसाळीकडे परत पाठवायची. मी एकही घरी नेलं नाही. आता लोक म्हणतात, बाई, तुम्ही ठेवून घेतली असती तर आज बंगला झाला असता. त्यांना मी चहा पण विचारत नाही.

एक गंमत सांगते, संपादकांचा मान ठेवायला. गंगाखेडकडचा एक शेतकरी एकदा रुमालात बांधून चार आण्याचं नाणं घेऊन आला. खिडकीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला. नाण्याच्या एका बाजूला सिंह होते आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि आत दबलेले. त्याचं म्हणणं, भावकीतल्या कुणीतरी करणी करून ते त्याच्या उंबऱ्यावर टाकलंय आणि पैसा बँकेचा असल्यामुळे बँकेनंच उतरवून घ्यावं. मी त्याला समजावलं, की आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा छाप बसला, यात भावकीचा काही हात नाही. त्याला ते पटलं नाही. शेवटी गफूरचाचांनी नाणं उचललं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, त्यावर एक फुंकर मारली आणि म्हणाले, "गेली. आता चार आने घे आन् जा." तो पाया पडून गेला. चाचा नंतर मला म्हणाले की त्यांनी सात नव्वे त्रेसष्ट म्हटलं होतं.

झाली गंमत. आता चावलेल्या नाण्याचं सांगते.

चावलेलं हा आमचा शब्द. नाण्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडाच नसतो, उंदरानं कुरतडल्यासारखा. ते होतं असं. टांकसाळीत धातूची लांब पट्टी यंत्राखालून सरकते आणि यंत्र तिच्यातून चकत्या पाडतं, आपण पोळीतून वाटीनं पुऱ्या पाडतो तसं. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तेवढा भाग कोरला जातो. मग त्या चकतीची कड उचलायला तिला दोन बाजूंनी दाबून फिरवतात. आता नीट ऐका. जिथे चावा आहे तिथे दाबायला धातूच नाही. म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड उचलली जात नाही. ती बसकी राहते, तिथली अक्षरं पुसट उमटतात. म्हणजे चावा उजवीकडे असेल तर डावीकडची कड बघायची. बसकी असेल तर नाणं जन्मापासून तसं आहे, चूक टांकसाळीची. खणखणीत उभी असेल तर कुणीतरी नंतर कानशीनं किंवा कातरीनं कापलं आहे, आणि तो गुन्हा.

"चावा बघू नको," चाचा सांगायचे. "चावा तर आंधळ्याला बी दिसतो. समोरची कड बघ."

कोणत्या टांकसाळीची थैली होती ते लिहीत नाही, निवृत्तीनंतर पत्रव्यवहार नको. पण त्या साली एक थैली आठ आण्यांची आली, आणि तिच्यात चावलेली नाणी बरीच निघाली. पहिलं नाणं घेऊन आले मोतीशेठ, मोंढ्यातले कापसाचे मोठे अडते. शाखेच्या ठेवींत त्यांचा वाटा मोठा. ते खिडकीवर आलेच नाहीत, थेट साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. मला आत बोलावलं.

शेठजी हसत म्हणाले, "काय हो, बँकेत उंदीर झाले का?"

साहेब, म्हणजे आमचे तेव्हाचे शाखाधिकारी, शेठजींपेक्षा मोठ्यानं हसले. चहा आला. मी नाणं हातात घेतलं, फिरवलं आणि शेठजींना समोरची कड दाखवली. त्यांच्या हातात भिंग दिलं. पट्टी, चकती, दाब, सगळं समजावलं. माझ्या त्या ज्ञानाचं मलाच इतकं कौतुक वाटत होतं की माझा चहा निवून गेला. साहेबांनी लगेच नाणं बदलून दिलं, वर दिलगिरी. शेठजी जाताना म्हणाले, "बाई हुशार आहेत तुमच्या." पुढे चार दिवस मी हवेत होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी गयाबाई आली.

गयाबाईची जिनिंगच्या फाटकाशी चहाची टपरी होती. माणसं धनगराची. नवरा आणि दीर मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर, पार नदीपलीकडे, आणि ही दोन मुली घेऊन टपरी चालवायची. वय पस्तिशीचं, आवाज सडकेवर ऐकू येणारा. दर बाजारी ती पंचवीस रुपये देऊन आठ आण्यांची एक पुंगळी माझ्याकडून न्यायची, कारण जिनिंगचे मजूर रुपया देत आणि अर्धा रुपया परत मागत. चहाच्या टपरीचा धंदा चहापेक्षा सुट्ट्यावर चालतो. मालकिणीच्या हातचा सुट्टा पैसा गिऱ्हाईक न बघता खिशात टाकतो, तोवर टपरी चालते.

त्या दिवशी बाजार होता. रांग दारापर्यंत गेलेली. गयाबाईनं खिडकीत तपकिरी कागद पसरला आणि त्यावर सात नाणी मांडली. सातही चावलेली.

"बाई, तुमच्या पुंगळीत ही सात कुरतडल्याली निघाली. बदलून द्या की. गिऱ्हाईक घेईना गेलंय."

मी काही बोलायच्या आत साहेब मागे येऊन उभे राहिले. बाजाराच्या दिवशी ते असे फेऱ्या मारायचे. त्यांनी नाण्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली तू?"

"फाटकापासली. च्याची टपरी हाय माझी."

"ते नाही. वस्ती कोणती?"

"धनगरवाडा."

ती नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून घरांत, एस्टीत, आमच्या रांगेतसुद्धा माणसं एकमेकांना आडनावावरून जोखत होती. गयाबाईचा त्या वादाशी काडीचाही संबंध नव्हता. पण जोखायची सवय एकदा लागली की ती समोर येईल त्याला लावली जाते. आमच्या शाखेत माणसाचं काम नंतर विचारत, आधी तो कुणातला ते बघत. माझं कुणी विचारलं नाही कधी, ते नावाच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि चालण्यासारखं होतं.

साहेब मोठ्यानं म्हणाले, "सात-सात नाणी कापून आणली, आणि वर बँकेनं दिली म्हणते?"

गयाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मी कापलं? म्या कशाला कापू? कापून काय करू त्या चिमटीभर पत्र्याचं? कागद बघा तुमचा, ह्यो बघा, ह्याच्यावर निळं लिवल्यालं हाय."

कागदावर निळं 'सु.' होतं.

"कागद उघडलेला आहे," साहेब म्हणाले. "त्यात तू काय घातलं आणि काय काढलं, कुणी बघितलंय?" आणि मला म्हणाले, "कापा."

आमच्या टेबलाला लांब दांड्याची एक कातर बोल्टनं बसवलेली होती. खोटं नाणं किंवा मुद्दाम कापून हलकं केलेलं नाणं आलं तर ते दोन तुकडे करून आणणाऱ्याच्या हातात परत द्यायचं, असा नियम. शाखेत तो अधिकार माझ्याकडे होता. मी पहिलं नाणं उचललं, कातरीत धरलं आणि दांडा खाली दाबला.

दोन तुकडे झाले. एक तबकात पडला. दुसरा टेबलावर गोल फिरत फिरत माझ्या हाताशी येऊन थांबला. त्यावर समोरची कड होती. बसकी. भारत या अक्षरांतला त जवळजवळ दिसतच नव्हता.

मी उरलेली सहा नाणी मुठीत घेतली आणि म्हटलं, "साहेब, ही टांकसाळीकडे पाठवू. मला शंका आहे." हे मी हळू म्हटलं, साहेबांनाच ऐकू जाईल इतकं. रांगेला ऐकू गेलं ते साहेबांचं. ते म्हणाले, "पाठवा हवं तर. जमादारांना बोलावलंय मी."

गयाबाईला जमादारानं बाजारातून चालवत नेलं. दुपारभर चौकीच्या ओसरीवर बसवलं आणि संध्याकाळी, सही-अंगठा घेऊन, सोडून दिलं. गुन्हा नोंदवला नाही, कारण नोंदवण्यासारखं काही नव्हतंच. पण तिला नेताना सगळ्या बाजारानं बघितलं होतं आणि सोडताना बघायला कुणी थांबलं नव्हतं. जाण्याआधी तिनं कातरीशेजारचे ते दोन तुकडे उचलून पदराच्या गाठीत बांधले. नियमानं ते तिचेच होते.

मग टपरीचं व्हायचं तेच झालं. मजूर चहा प्यायचे, रुपया द्यायचे आणि परत मिळालेलं प्रत्येक नाणं उन्हात धरून बघायचे. कुणी दगडावर वाजवून बघायचं. तिच्यासमोर हसायचे, "गयाबाई, ह्याला दात न्हाई ना लागला?" चार दिवस तिनं भांडून बघितलं. पंधरा दिवसांनी लोक पलीकडच्या हातगाडीवर चहा प्यायला लागले. महिन्याभरात टपरी बंद झाली आणि गयाबाई मुलींना घेऊन कापूस वेचायला जाऊ लागली. मी घरून बँकेत जाताना बंद टपरीवरून जायचे. दुसरा रस्ता होता, तो लांबचा होता, काही दिवसांनी मी त्यानं जायला लागले.

सहा नाणी मी टांकसाळीकडे पाठवली, थैलीच्या क्रमांकासकट. शेठजींचं नाणंही त्याच लखोट्यात घातलं. सव्वा वर्ष उत्तर आलं नाही. तीन स्मरणपत्रं धाडली. शेवटी एक चतकोर कागद आला. सदर नाणी अस्सल असून उत्पादनातील दोषामुळे त्यांची कड अपूर्ण आहे, ती बदलून द्यावीत, बस. साहेबांनी तो वाचला, 'फाइल' असा शेरा मारला आणि म्हणाले, "चला, विषय संपला."

विषय संपला! एका बाईचा धंदा बसला, पोरींची शाळा सुटली आणि हे म्हणतात विषय संपला. मी विचारलं, "तिला कळवायला नको?" तर म्हणाले, "तिनं लेखी तक्रार कुठे केली होती?" तेव्हा मी जे बोलले ते छापता येणार नाही, पण केबिनचं दार उघडं होतं आणि पूर्ण शाखेनं ऐकलं. गफूरचाचांनी नंतर मला पाणी आणून दिलं.

त्या पत्राची मी हातानं नक्कल केली. पुढच्या बाजारी जेवणाच्या सुट्टीत जिनिंगच्या फाटकाशी गेले. गयाबाईला शेतावरून निरोप धाडून बोलावलं होतं, ती बंद टपरीशी उभी होती. सुट्टीच्या भोंग्यानंतर मजूर बाहेर पडले तशी मी एका बैलगाडीच्या जुवाजवळ उभी राहून ते पत्र मोठ्यानं वाचलं, आणि मग साध्या मराठीत सांगितलं, की ती नाणी खरी होती, चूक टांकसाळीत झाली, गयाबाईनं काही कापलं नाही.

गर्दीतून एकानं विचारलं, "मंग बाई, ते येक कापलं कुनी?"

मी म्हटलं, "बँकेनं."

गयाबाईनं माझ्याकडे बघितलं. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "कागद वाचलाव, लय चांगलं केलंव. पर त्यात माजं नाव कुटंय? आन् तुमचं तरी कुटंय?"

मी तिला सांगत बसले, की कार्यालयीन पत्रात अशी नावं घालत नाहीत. तिनं ऐकून घेतलं.

कार्यालयीन पत्राचा अनधिकृत वापर केल्याबद्दल मला मेमो मिळाला आणि एक वेतनवाढ थांबली. टपरी मात्र उघडली. उघडली त्या दिवशी गयाबाईनं पदराची गाठ सोडली आणि ते दोन तुकडे टपरीच्या पुढच्या खांबावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर, दोन खिळ्यांनी ठोकले. कुणी सुट्टे घेताना नाणं उन्हात धरलं की ती खांबाकडे बोट करायची. "खरा पैसा हाय. ब्यांकेनं कापल्याला." हळूहळू माणसं परत आली.

साहेबांची पुढे बढती झाली. मोठ्या शहरात मोठ्या शाखेवर गेले. निरोप समारंभात त्यांच्या करड्या शिस्तीवर चार भाषणं झाली, त्यात एक माझंही होतं. का केलं? कारण यादीत नाव होतं. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून शिव्या घालते.

आणि माझा निरोप समारंभ झाला तेव्हा सगळ्यांनी त्या मेमोची गोष्ट सांगितली. सुमनबाईंनी एका गरीब बाईसाठी वेतनवाढ घालवली, बाजारात उभं राहून बँकेला आरसा दाखवला. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून ऐकलं आणि लोकांना तो विनय वाटला. नंतरही ही गोष्ट मी अनेकदा सांगितली. दर वेळी मी तशीच थोर निघायचे.

गेल्या वर्षी एका लग्नाला सेलूला गेले होते. फाटकाशी गेले. जिनिंग बंद आहे, टपरी आहे. आता पत्र्याची झाली आहे, धाकटी मुलगी चालवते, पुढे चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला आहे आणि गिऱ्हाईक त्यावर मोबाइल धरून पैसे देतं. गयाबाई मागे खुर्चीवर बसली होती, सत्तरी ओलांडलेली. पण जुना लाकडी खांब तसाच ठेवलेला, आणि त्यावर दोन तुकडे, काळे पडलेले. खिळ्यांना गंज चढलेला.

मला ओळखलं तिनं. मुलीला म्हणाली, "ब्यांकेच्या बाई हायत, बिनसाखरंचा दे." मग आपणहून सांगायला लागली. औरंगाबादेहून कुणी नाणी जमवणारा आला होता. असल्या चुकीच्या नाण्यांना आता हजारांत किंमत आहे म्हणे. खांबावरचे तुकडे बघून तो हळहळला, अखंड असतं तर पाहिजे तेवढे दिले असते म्हणाला, तरी तुकड्यांचे पाचशे द्यायला तयार होता.

"मग?" मी विचारलं.

"इकायचं न्हाई म्हनलं. खिळे अजून काडता येत न्हाईत."

"का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, पस्तीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसं. "येक जन सांगायची ऱ्हायलीय," ती म्हणाली, आणि मुलीला चहा गाळायला सांगितलं.

मी चहा प्याले आणि लग्नाला निघून गेले. त्या दिवसापासून मला साहेबांचा राग येत नाही. यायचा तेवढा येऊन गेला. हे पत्र संपादकांकडून आलं आणि पहिल्याच वाक्यात गमती हा शब्द वाचला तेव्हा जो राग आला, तो कुणावरचा आहे हे मला चांगलं माहीत होतं.

म्हणून लिहिते, नावानिशी. ती पुंगळी मी बांधली होती. त्या दिवशी शेकडो पुंगळ्या करायच्या होत्या, मी चळत पट्टीत लावून नुसती उंची बघितली, अंगठा फिरवून कड बघितली नाही, आणि 'सु.' लिहून टाकलं. गयाबाईनं कागद पसरला त्या क्षणी मला कळलं होतं, की ही नाणी बँकेची ठरली तर चूक माझ्या सहीची, आणि तिची ठरली तर मी सुटले. हेड कॅशियरच्या जागेसाठी माझा अर्ज गेलेला होता. मोतीशेठचं नाणं मी फिरवून बघितलं होतं, भिंग देऊन दाखवलं होतं. गयाबाईचं फिरवलं नाही. साहेबांनी कापा म्हटलं हे खरं, पण नाही म्हणायचा अधिकार माझा होता आणि कातर माझ्या हातात होती. ते नाणं खोटं ठरावं असं मला वाटत होतं, म्हणून मी समोरची कड न बघता ते कापलं.

अंक हातात आला की बाजाराच्या दिवशी सेलूला जाणार आहे. फाटकाशी उभी राहून हे शेवटचं पान मोठ्यानं वाचेन, गर्दी असली तरी आणि नसली तरी. खिळे काढायचे की ठेवायचे, ते गयाबाई ठरवेल.